किलोटनपासून ‘फो’पर्यंत

६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी हिरोशिमावरच्या बॉम्बची बातमी जगाला दिली. त्या निवेदनात ज्यूल नव्हते, कॅलरी नव्हती. वीस हजार टन टीएनटीहून जास्त ताकद, असे त्यात म्हटले होते. (पुढे तो आकडा पंधरा हजारांच्या आसपास स्थिरावला.) तेव्हापासून अचाट ऊर्जा म्हटली की टीएनटी आलेच.

त्या पिढीला हे माप लगेच समजले, कारण दारूगोळ्याचे टन तिने भोगले होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले, तेव्हा त्यावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि तेवढ्यांनी गोदीचा परिसर उद्ध्वस्त केला. त्याच्या दहापट हिरोशिमा, असा हिशेब मनात मांडता येत होता. खऱ्या टीएनटीची ऊर्जा मात्र परिस्थितीनुसार कमीजास्त भरते. म्हणून शास्त्रज्ञांनी संकेत ठरवला: एक ग्रॅम म्हणजे हजार कॅलरी, एक टन म्हणजे ४१८.४ कोटी ज्यूल.

मग हायड्रोजन बॉम्ब आले. १ मार्च १९५४ ची ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणी १५ मेगाटनांची, म्हणजे हजार हिरोशिमांची. १९६१ साली सोव्हिएत संघाचा ‘झार बॉम्ब’ ५० मेगाटनांवर गेला. किलोच्या जागी मेगा आले आणि कल्पनाशक्ती तिथेच थकली. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. त्यांतल्या एका आघाताचा अंदाज साठ लाख मेगाटन असा वाचला, तेव्हा त्यातून काहीच दिसेना.

याच काळात एक वेगळे माप जन्मले. १९७० च्या दशकात, तेलटंचाईच्या दिवसांत, अमेरिकन अभियंते ह्यू क्रेन यांनी ‘एक घनमैल तेल’ हे एकक सुचवले. जग वर्षाला साधारण तेवढे तेल जाळते. त्यातली ऊर्जा सातशेहून अधिक झार बॉम्बइतकी भरते, आणि ती कुठलाही स्फोट न होता गाड्या, जहाजे, विमाने आणि कारखान्यांतून खर्च होते. बॉम्बच्या मापाने आपली नजर गडगडाटाकडे वळवली होती. क्रेन यांनी ती रोजच्या खर्चाकडे आणली.

ताऱ्यांसाठी तर टीएनटी सोडावेच लागले. हान्स बेथे हे लॉस अलामॉसमध्ये बॉम्बच्या सैद्धांतिक विभागाचे प्रमुख होते. उतारवयात ते जेराल्ड ब्राउन यांच्यासोबत अतिनवताऱ्यांचे गणित मांडू लागले. त्या कामात ब्राउन यांनी ‘फो’ हे एकक रूढ केले: एकावर ५१ शून्ये इतके अर्ग. सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, साधारण तेवढी एका फोमध्ये मावते. फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा स्फोट एखाद-दीड फोचा होता. त्याच्या शंभरपटीहून अधिक ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या, तेव्हा फोही तोकडा पडला. तीन सूर्यांचे वस्तुमान क्षणार्धात ऊर्जा होऊन गेले होते, म्हणजे सुमारे पाच हजार फो. अशा लहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे.

या सत्तर वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. जे माप घटनेच्या आतून येते ते समज वाढवते. बाहेरून लादलेले फक्त धडकी भरवते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरचा. नेहमीच्या सूत्राने त्याच्या लहरींची ऊर्जा तीसेक किलोटन निघते, म्हणजे दोन हिरोशिमा. पण या आकड्याने तिथले काय कळते? माणसे गेली ती पहाटे चारच्या सुमारास झोपेत असताना, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या म्हणून. पुढचे जीव वाचवायचे तर भूकंपाची खोली, जमिनीची जात आणि घराची बांधणी सांगायला हवी.

म्हणून भूकंप, उल्का, वादळ यांच्या बातमीत ‘इतके हिरोशिमा’ लिहिणे आपण थांबवावे. ते एक शहर होते. १९४५ अखेरपर्यंत तिथे सुमारे १,४०,००० माणसे मेली. ऊर्जा मोजायला ज्यूल आहेत, घनमैल आहे, फो आहे. माणसांच्या मरणाला एकक करण्याची गरज विज्ञानाला कधीच नव्हती.