मुलगा वर्गात एका जागी बसत नाही? आधी हे तपासा

"मुलगा हुशार आहे हो डॉक्टर, पण वर्गात बसतच नाही. वही अर्धवट, अक्षर वाईट, डायरीत रोज शेरा. बुद्धीसाठी काही टॉनिक द्या ना." खराडीत शाळांच्या पालकसभा झाल्या की दवाखान्यात ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा ती पहिली ते तिसरीतल्या मुलग्याबद्दल असते.

अभ्यासात लक्ष लागावं म्हणून देता येईल असं कोणतंही टॉनिक नाही. यातल्या बऱ्याच मुलग्यांना हालचाल, पुरेशी झोप आणि थोडा वेळ हवा असतो. काहींना चष्मा किंवा कानाचे उपचार लागतात. थोड्यांना तज्ज्ञांची मदत लागते. आपला मुलगा यांपैकी कोणत्या गटात आहे, हे वेळेत पाहायला हवं. सात वर्षांच्या मुलाला "मी ढ आहे" असं एकदा वाटू लागलं, की ते पुसणं अवघड जातं.

मुलगे आणि मुली यांच्यात खरा फरक किती?

सरासरी पाहिली तर या वयात मुलगे जास्त चुळबुळ करतात. वाचन-लेखन आणि बोटांची बारीक कामं यांत मुली थोड्या पुढे असतात. पण ही फक्त सरासरी आहे. शांत बसून वाचणारे मुलगे आणि सतत उड्या मारणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. "हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा" अशा वर्गवारीलाही पक्का शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे मुलग्याची तुलना शेजारच्या मुलीशी किंवा त्याच्याच ताईशी करू नका.

जन्मतारीख पाहा

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच बाकावर बसू शकतात. सहा वर्षांच्या वयात अकरा महिने ही फार मोठी तफावत आहे.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसलं. जिथे प्रवेशाची मर्यादा १ सप्टेंबर होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं (अतिचंचलतेचं) निदान सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त आढळलं. यातली काही मुलं आजारी नव्हती, फक्त लहान होती. तुमचा मुलगा ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल, तर हे बाईंना आवर्जून सांगा.

हालचाल हा अभ्यासाचाच भाग

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारा खेळ हवा. खराडीत सोसायट्या मोठ्या आहेत, पण अनेक ठिकाणी पार्किंगमध्ये खेळायला मनाई असते आणि शाळेची बस नगर रोडच्या गर्दीत अडकते. बसमध्ये, वर्गात, क्लासला आणि मग टीव्हीसमोर असं दिवसभर बसून राहिलेलं मूल चुळबुळ करणारच.

- शाळेतून आल्यावर आधी खेळ, मग गृहपाठ.
- अभ्यास दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. मध्ये पाणी आणून देणं, दोरीच्या उड्या असं काहीतरी करू द्या.
- पाढे जिने चढताना म्हणा. बेरीज-वजाबाकी भाजी घेताना करू द्या.
- अक्षर सुधारण्यासाठी आधी बोटांत ताकद यायला हवी. मटार सोलणं, कणीक मळणं, कात्रीनं कागद कापणं ही कामं द्या.
- "अभ्यास नाही केलास तर खेळायला सोडणार नाही" ही शिक्षा टाळा. शाळेतही मधली सुट्टी काढून घेऊ नये, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ पासूनची भूमिका आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. "कुरणशाळे"तली मुलं हिंडता-फिरता, आजूबाजूच्या वस्तू हाताळत शिकली.

झोप मोजा

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. झोप कमी पडलेला मोठा माणूस पेंगतो, पण लहान मूल उलट जास्त दंगा आणि चिडचिड करतं. त्यामुळे झोपेची कमतरता "मस्ती" म्हणून खपून जाते.

मुलांच्या झोपेचा विचार करूनच राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना शाळांना दिली. तरीही तुमच्या मुलाला बससाठी सहाला उठावं लागत असेल, तर त्यानं रात्री नऊच्या आत झोपायला हवं. आयटीतल्या घरांत हे अवघड असतं. बाबांचा कॉल साडेनऊला संपतो, मग जेवण, मग खेळणं. अशा घरांनी बाबांसोबतचा वेळ सकाळी किंवा शनिवार-रविवारी ठेवावा. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद असावा.

या गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या

- डोळे: मूल "दिसत नाही" असं सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणं, वही नाकाशी धरणं ही लक्षणं आहेत.
- रंग ओळखणं: लाल-हिरव्यातला गोंधळ मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण तो एक्स गुणसूत्रातून येतो आणि मुलग्यांकडे ते एकच असतं. आईच्या वडिलांना हा त्रास असेल तर नक्की तपासा.
- कान: वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि कमी ऐकू येतं. असं मूल "ऐकत नाही" म्हणून ओरडा खातं.
- घोरणं: रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं ही वाढलेल्या अॅडेनॉइडची खूण असू शकते. त्यामुळे झोप मोडते.
- रक्त: लोह कमी असेल तर मूल थकतं आणि लक्ष टिकत नाही. तपासणीशिवाय लोहाचं औषध सुरू करू नका.
- पोट: शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं टाळणारी मुलं दिवसभर अवघडून बसतात. याबद्दल मुलाला थेट विचारा.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाची गैरहजेरी टाळा.

तज्ज्ञांकडे कधी जावं?

- चंचलपणा सहा महिन्यांहून जास्त काळ आहे, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी त्रास देतो.
- तोंडी उत्तरं छान देतो, पण तिसरीतही सोपे शब्द अडखळत वाचतो किंवा अक्षरं उलटी लिहितो.
- बोलताना सतत अडखळतो, किंवा बोलणं इतरांना समजत नाही.
- शाळेच्या नावानं रोज पोट दुखतं, रडू येतं.
- आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली आहे. यात उशीर करू नका.

आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. गरज पडल्यास ते बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. "तारे जमीन पर"मुळे घराघरात पोचलेल्या डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतर होतं. मात्र वाचनाची मदत त्याआधीही सुरू करता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात.

मार आणि टोमणे नकोत

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. घरीही तेच पाळा. भीतीनं मूल गप्प बसेल, पण गप्प बसणं म्हणजे शिकणं नव्हे.

पुढच्या पालकसभेत "हा त्रास का देतो?" याऐवजी बाईंना तीन प्रश्न विचारा: कोणत्या तासाला जास्त चुळबुळ करतो? कोणत्या तासाला रमतो? फळा नीट दिसेल अशा पुढच्या बाकावर त्याला बसवता येईल का? उत्तरं लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे येताना सोबत आणा. त्या नोंदींवरून निदानाला मोठी मदत होते.