मॅक्रो आणि ब्राउझर

शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची नावे व खातेक्रमांक एक्सेलच्या तक्त्यात असतात. तेच पुन्हा संकेतस्थळावरील रकान्यांत भरावयाचे, हे काम कंटाळवाणे खरेच. ते मॅक्रोकडे सोपविता येते. एक्सेलमध्ये १९९३ पासून असलेल्या व्हीबीए भाषेतील मॅक्रो इंटरनेट एक्सप्लोरर उघडी, रकाने भरी आणि कळही दाबी.

खरी मेख वाट पाहण्यात आहे. मॅक्रो घाईचा, पान सावकाश येणारे. पान पुरते येण्याआधीच शोध सुरू झाला की रकाना सापडत नाही व काम अडते. ठराविक सेकंद थांबण्यापेक्षा हवा तो रकाना दिसेपर्यंत थांबणे आम्हांस भरवशाचे वाटते.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त केला आणि पुष्कळ जुने मॅक्रो निराधार झाले. क्रोम वा एज तसे थेट हाकता येत नाहीत. मध्ये वेबड्रायव्हर हा दुभाषी लागतो. त्याची आवृत्ती ब्राउझरशी जुळावी लागते, आणि ब्राउझर तर आपोआप बदलत असतो! काल चाललेला मॅक्रो आज अडतो तो बहुधा यामुळेच.

खातेक्रमांकाचा एक आकडा चुकला तरी विद्यार्थ्याचे पैसे अडकतात. म्हणून आधी दोन-चार नोंदी भराव्यात आणि पानावर उमटलेले आकडे तक्त्याशी ताडून पाहावेत.