बिनइंजिनाची गाडी आणि 100 किलो पाणी

तीन चाकं, एक शीड आणि वारा, झाली लँड यॉट! 2022 साली ऑस्ट्रेलियातल्या लेक गेअर्डनर या मिठाच्या कोरड्या तळ्यावर ग्लेन ॲशबीने 'होरोनुकू' ताशी 222.4 किमी पळवली, वाऱ्याच्या पाचपट वेगाने! गाडी धावू लागली की समोरचा वारा मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला जास्त जोर मिळतो.

पण आउटबॅकचा लांबचा प्रवास वेगळा. वाळूत रुतू नये म्हणून रुंद टायर हवेत. जादा ट्यूब, पंप, पाने आणि सॅटेलाइट फोनही हवा. माणशी रोज 5 लिटर पाणी धरा. दोघांचं 10 दिवसांचं वजन 100 किलो! म्हणून चेसिस ॲल्युमिनियमची करा, कपडे कमी न्या, पण पाण्याला कात्री नको. वारा पडला तर थांबता येतं. पाणी संपलं तर नाही.