फोनचं बारसं

प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप कारखान्यातून निघतानाच स्वतःचं नाव घेऊन येतो. एकेकाळी आपले फोन हे नाव रस्त्यातून जाता-जाता सगळ्यांना सांगत सुटायचे. आणि ते ऐकून घेणारेही होते...

नवीन ऑफिसचा पहिला दिवस. आयकार्ड झालं, फॉर्म भरून झाले, कॉफी मशीन कुठे आहे तेही कळलं. तेवढ्यात आयटीवाला येतो आणि म्हणतो, 'तुमचा मॅक अ‍ॅड्रेस द्या जरा.' आपण निरागसपणे सांगतो, 'माझ्याकडे मॅक नाहीये, साधा विंडोजचा लॅपटॉप आहे.' आयटीवाला गालातल्या गालात हसतो. हे उत्तर त्याने शंभरदा ऐकलेलं असतं!

तर मंडळी, या मॅकचा अ‍ॅपलच्या मॅकशी काडीचाही संबंध नाही. मॅक म्हणजे मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल. सोप्या मराठीत, नेटवर्कवर तुमचं यंत्र ज्या नावाने ओळखलं जातं ते नाव.

आधी आडनाव, मग नाव

हे नाव दिसतं असं: ९४:बी१:०ए:३डी:७एफ:२सी. एकूण बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या. ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, बस्स. पहिल्या तीन जोड्या म्हणजे आडनाव. ते आयट्रिपलई ही इंजिनिअरांची संस्था कंपन्यांना वाटून देते. उरलेल्या तीन जोड्या कंपनी स्वतः देते, प्रत्येक यंत्राला वेगळ्या. अशी एकूण नावं होतात सुमारे २८१ लाख कोटी! एकाच लॅपटॉपला वाय-फायचं एक, लॅन केबलचं दुसरं आणि ब्लूटूथचं तिसरं, अशी दोन-तीन नावंही असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत इथरनेटचा जन्म झाला, तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच केबलला जोडलेले असायचे. एकाने पाठवलेला निरोप सगळ्यांनाच ऐकू जायचा. चाळीच्या गॅलरीत उभं राहून 'अहो जोशी!' अशी हाक मारावी, तसंच. ऐकतात सगळे, वळून बघतात फक्त जोशी. पण चाळीत दोन जोशी असले तर घोळ होणारच. म्हणून प्रत्येकाला जगावेगळं नाव.

मग आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय? तो भाड्याच्या घराचा पत्ता. ऑफिसात एक, घरी दुसरा, कॅफेत तिसरा. नाव मात्र सगळीकडे तेच. आणि एक गैरसमज इथेच दूर करूया. तुम्ही उघडलेल्या वेबसाइटला तुमचा मॅक अ‍ॅड्रेस दिसत नाही. तो तुमच्या राउटरपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. त्याला ऐकणारे असतात ते आसपासचेच.

कचऱ्याचा डबा बघतोय!

आता मुद्द्याची गोष्ट. वाय-फाय चालू असलं की फोन ठरावीक वेळाने आपणहून विचारत असतो, 'आहे का कुणी ओळखीचं नेटवर्क?' या प्रत्येक हाकेबरोबर पूर्वी त्याचं खरं नाव जायचं. तुम्ही कशालाही कनेक्ट झालेला नसलात तरीही.

लंडनच्या बिझनेस भागात रिन्यू नावाच्या कंपनीने जाहिरातींचे स्क्रीन असलेले कचऱ्याचे डबे बसवले होते. २०१३ साली त्यातल्या १२ डब्यांत तिने हे ऐकणारी यंत्रं बसवली. कोणता फोन रोज किती वाजता इथून जातो, कुठे रेंगाळतो, याची नोंद होऊ लागली. पुढचा विचार होता, समोरून जाणाऱ्या माणसाप्रमाणे जाहिरात बदलायची. बातमी फुटली, बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या महापालिकेने हा प्रकार बंद करायला लावला.

पण हीच युक्ती कामाचीही ठरू शकते. २०१६ च्या अखेरीस लंडनच्या मेट्रोने ५४ स्टेशनांवर चार आठवडे प्रवाशांच्या फोनच्या वाय-फाय नोंदी घेतल्या. त्यासाठी स्टेशनांवर बोर्ड लावले आणि मूळ नाव ओळखू येणार नाही अशी त्याची मोडतोड केली. त्यातून कळलं, की किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जायला लोक तब्बल १८ वेगवेगळे मार्ग वापरतात. गर्दीचं नियोजन करायला ही माहिती सोन्यासारखी! दोन्हीकडे तंत्र तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी लोकांना आधी सांगितलं होतं.

टोपणनावांची सोय

फोन कंपन्यांनी मग शक्कल काढली. खरं नाव सांगायचंच नाही, टोपणनाव सांगायचं! आयफोनने २०१४ साली, म्हणजे आयओएस ८ पासून, नेटवर्क शोधताना खोटं नाव वापरायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून तर कनेक्ट होतानाही प्रत्येक नेटवर्कला वेगळं टोपणनाव सांगितलं जातं. कॅफेतला फोन आणि मॉलमधला फोन एकच आहे, हे आता निदान नावावरून तरी कळत नाही.

गंमत म्हणजे टोपणनाव ओळखणं सोपं आहे. दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर ते कारखान्यातलं नाव नव्हे.

पण थांबा! फोन बिचारा नाव लपवतो आणि आपण फुकट वाय-फायच्या पानावर मोबाइल नंबर टाकून, ओटीपी भरून मोकळे होतो. त्या क्षणी त्या नेटवर्कपुरतं टोपणनाव आणि माणूस यांची गाठ पडते. पुढच्या वेळी ओटीपी न मागता कनेक्ट झालात, तर समजा, तुम्हाला ओळखलंय.

एवढं कराच

* फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टॅप करा. आयफोनवर 'प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस', अँड्रॉइडवर 'रँडमाइज्ड मॅक' चालू आहे ना, बघा.
* आयटीवाल्याने फोनचा मॅक मागितला तर ऑफिसच्या नेटवर्कखाली दिसणारं टोपणनावच द्या. आयफोनवर ते 'फिक्स्ड' ठेवा. नेटवर्क 'फरगेट' केलंत तर ते बदलू शकतं आणि तुम्ही यादीबाहेर!
* घरच्या राउटरवर 'फक्त हेच मॅक आत घ्या' असं करून निर्धास्त राहू नका. ही नावं हवेतून उघडपणे जातात, कुणीही नक्कल करू शकतं. खरं कुलूप म्हणजे भक्कम पासवर्ड.
* फोन चोरीला गेला तर मॅकचा उपयोग नाही. तिथे लागतो १५ आकडी आयएमईआय. तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो. नंबर आजच लिहून ठेवा.
* आणि पुढच्या वेळी अर्ध्या तासाच्या फुकट नेटसाठी नंबर देण्याआधी स्वतःच्या डेटा पॅककडे एकदा बघा. बहुतेक वेळा तेवढा शिल्लक असतोच!