कातिबांनी फोटोशॉप शिकावे, कलम मात्र सोडू नये

लग्नाचे कार्ड छापायचे असो, दुकानाची पाटी असो की जलशाचे पोस्टर, पूर्वी उर्दू मजकुरासाठी पहिली फेरी कातिबाकडे होत असे. आता ती डीटीपीच्या दुकानात होते. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले, लाहोरचा 'जंग' त्या अक्षरात निघू लागला. १९९४ मध्ये इनपेज आले आणि जे काम उस्तादाचे होते ते टाइप करणाऱ्या कोणत्याही मुलाला जमू लागले. वर्षानुवर्षे मश्क करून ज्यांनी हात बसवला होता त्यांच्यापैकी कित्येकांना दुसरा धंदा पाहावा लागला.

इनपेजने नेलेली रोजी काही अंशी तरी फोटोशॉप परत मिळवून देऊ शकते, असे आमचे मत आहे. कारण साधे आहे. इनपेज सर्वांना तेच अक्षर देते, म्हणून गल्लीतली दहा कार्डे सारखीच दिसतात. १९९० साली बाजारात आलेले फोटोशॉप हे मुळात चित्र दुरुस्त करण्याचे साधन आहे. त्यात अक्षर तुमचे तुम्हालाच आणावे लागते, आणि ते आणण्याची ताकद कातिबाकडेच आहे.

आमच्या परिचयाचे मालेगावचे एक कातिब साठी ओलांडल्यावर हे काम शिकले. भाच्याचे डीटीपीचे दुकान आहे, तिथेच बसू लागले. पहिले काही दिवस ते माऊसने अलिफ काढू पाहत होते आणि वैतागून उठत होते. नव्याने शिकणारे बहुतेक जण इथेच हार खातात. शेवटी भाचा म्हणाला, "मामू, माऊसने लिहायचेच नाही. तुम्ही कागदावर लिहा, मशीनकडून फक्त साफसफाई करून घेऊ."

तेव्हापासून पद्धत ठरली. गुळगुळीत पांढऱ्या कागदावर गडद काळ्या शाईने लिहायचे, शाई पूर्ण वाळू द्यायची आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करायचे. मग 'लेव्हल्स' उघडून कागद पांढराशुभ्र आणि शाई काळीभोर करायची. पूर्वी ब्लेडने खरवडावा लागणारा डाग इथे क्षणात जातो. जास्त खरवडले की कागद फाटायचा, ती धास्तीही राहिली नाही. 'लेअर' म्हणजे एकावर एक ठेवलेले बटर पेपर समजा. वधूवरांची नावे एका थरावर, वेलबुट्टी दुसऱ्यावर, तारीख तिसऱ्यावर. एक हलवला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. आमचे हे कातिब मेनूतले इंग्रजी अजून वाचत नाहीत, कुठले बटण कुठे आहे ते पाठ केले आहे. त्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. नस्तालीकमध्ये अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा, आणि नुक्ता कलमाच्या कताइतका. जागा भरण्यासाठी अक्षर एकाच बाजूने ताणले की हा हिशेब मोडतो, अनाडी डोळ्यालाही ते खटकते. पूर्वी प्रमाण राखून आकार बदलताना शिफ्टची कळ दाबून ठेवावी लागे. २०१९ च्या आवृत्तीपासून उलटे झाले आहे, कळ दाबली की प्रमाण बिघडते. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जागा कमी पडली तर ओळ पुन्हा लिहावी, हाच खरा उपाय.

ए-फोर कागदाची लांबी ६०० डीपीआयवर सुमारे ७,००० ठिपके भरते. कार्डाला ते भरपूर झाले. तेच अक्षर दहा फुटी फ्लेक्सवर नेले तर इंचाला ५८ च्या आसपास ठिपके येतात. रस्त्यापलीकडून पाहायच्या पाटीला तेवढे चालते. पडद्यावरचा हिरवा रंग छापल्यावर मंद होतो, म्हणून नमुना छापून पाहिल्याशिवाय ग्राहकाला शब्द देऊ नये. सोनेरी तर चार रंगांत उतरतच नाही. त्यासाठी फॉइलचा ब्लॉक लागतो आणि ब्लॉकवाल्याला हवे असते निव्वळ काळेपांढरे अक्षर, म्हणजे कातिबाचे मूळ कामच.

आता पैशाचे. किताबतचा दर वेगळा आणि मांडणीचा वेगळा सांगावा, दोन्ही एकत्र केले की ग्राहक फक्त मशीनचे भाडे मोजतो. प्रेसला पीडीएफ द्यावी, थरांची मूळ फाईल देऊ नये. ती दिली की तुमची वेलबुट्टी आणि तुमचा बिस्मिल्लाह पुढच्या मोसमात दुसऱ्याच्या कार्डावर दिसेल. आपले अक्षर चोरीला गेल्याची तक्रार करणाऱ्याने चोरीचे सॉफ्टवेअर वापरणेही शोभत नाही. अडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्यांसाठी फक्त वर्गणीची पद्धत ठेवली. वर्षभराचे काम पुरेसे नसेल तर ती जड जाते. अशांसाठी गिम्प नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यातही लेव्हल्स आणि लेअर आहेत. मालेगावच्या दुकानात मामूंचे काम सध्या त्यावरच चालते. मूळ कागद ते फेकत नाहीत, तारीख घालून पेटीत ठेवतात.