मोटारीचा स्पॉयलर : हौस, हवा आणि हिशेब

बेंगळुरूच्या टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलच्या दिशेने जाणारा जयचामराजेंद्र रस्ता, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला जे. सी. रोड, मोटारींच्या सुट्या भागांसाठी आणि सजावटीच्या साहित्यासाठी प्रसिद्ध आहे. नवी गाडी घेतली की अनेकांची पावले आपसूक या रस्त्याकडे वळतात. सीट कव्हर, पायपुसणी, म्युझिक सिस्टीम यांच्या जोडीने तेथे हमखास विचारली जाणारी वस्तू म्हणजे मागच्या बाजूस बसवायचा स्पॉयलर. नोकरीनिमित्त या शहरात स्थिरावलेल्या, कर्जाचा पहिला हप्ता नुकताच भरलेल्या तरुणालाही त्याचा मोह पडतो. गाडी रुबाबदार दिसते, हे खरेच. मात्र हा रुबाब मिळवताना डिकीच्या पत्र्याला छिद्र पडणार असते, विम्याच्या कागदात बदल होणार असतो आणि पाठीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. म्हणूनच ही छोटीशी वस्तू नेमके काय करते आणि ती कोणी, कशी बसवावी, हे समजून घेणे हिताचे ठरते.

वाऱ्याशी नाते

स्पॉयलर या शब्दाचा अर्थच ‘बिघडवणारा’ असा आहे. धावत्या मोटारीच्या टपावरून हवा मागे सरकते आणि मागच्या काचेच्या उतारावरून खाली वळते. या वळणावर हवेचा दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग किंचित वर उचलला जातो. डिकीच्या कडेवर उभी केलेली छोटी पट्टी हवेचा हा प्रवाह जाणूनबुजून ‘बिघडवते’. पट्टीच्या पुढे डिकीवरचा दाब वाढतो आणि उचल कमी होते. मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड त्यामुळे टिकून राहते.

शर्यतीच्या गाड्यांवर दिसणारा उंच पंख ही मात्र वेगळी वस्तू आहे. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. शर्यतीच्या गाडीचा पंख उलटा बसवलेला असल्याने गाडीला खाली दाबतो. बाजारात दोन्ही वस्तू ‘स्पॉयलर’ याच नावाने विकल्या जात असल्या, तरी त्यांचे काम आणि त्यांचा पत्र्यावर पडणारा भार सारखा नसतो.

हवेच्या या वर्तनाचा अभ्यास बेंगळुरूला नवा नाही. पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर आणि त्याचे पृष्ठभागापासून सुटणे यांची उकल जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. याच प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली गॉटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एच.टी.-२’ हे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. हवेचा प्रवाह अंदाजाने ओळखता येत नाही, तो पवनबोगद्यात मोजावा लागतो, हा या शास्त्राचा पहिला धडा. मोटारीच्या स्पॉयलरलाही तोच धडा लागू पडतो.

उपयोग केव्हा?

१९७२ मध्ये जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ९११ कॅरेरा आर.एस. या गाडीला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर दिला आणि रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ही वस्तू रूढ होऊ लागली. तिचे महत्त्व ठसवणारी घटना मात्र ऑडी टी.टी. या गाडीची. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या या गोलाकार गाडीला मागे स्पॉयलर नव्हता. जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात तिचे गंभीर अपघात झाले. त्यानंतर कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांना स्पॉयलर बसवला. परंतु त्याबरोबर सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही दिली. स्पॉयलर हा त्या उपायाचा एक भाग होता, संपूर्ण उपाय नव्हे, आणि तो चाचण्या घेऊन ठरवलेला होता.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १०० किलोमीटरला तो सव्वासहा पट असतो. सिल्क बोर्ड चौकातील रांगेत उभ्या असलेल्या गाडीला स्पॉयलरचा काहीही लाभ नाही, हे यावरून उघड आहे. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या बेंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गावर त्याच्यावर हवेचा जोर खऱ्या अर्थाने पडू लागतो. परंतु तेथेही बाजारातून निवडलेली पट्टी त्या गाडीसाठी योग्य आहे की नाही, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. चुकीच्या आकाराच्या पट्टीने हवेचा अवरोध वाढून इंधन मात्र अधिक लागू शकते. शिवाय आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांवर मिळते. त्यामुळे मागच्या चाकांवर दाब वाढल्याने गाडी अधिक जोमाने पळेल, ही समजूत निराधार आहे.

तात्पर्य, शहरी वापरात स्पॉयलर ही प्रामुख्याने हौस आहे. हौस असण्यात गैर काही नाही; फक्त ती सुरक्षितपणे पुरवावी, इतकेच. द्रुतगती मार्गावर हवेचा जो जोर स्पॉयलरकडून काम करून घेतो, तोच जोर सैल बसवलेला स्पॉयलर उखडूनही टाकतो. असा तुकडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर पडला, तर ती हौस कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

स्वतः बसवताना

स्पॉयलर मुख्यतः दोन प्रकारे बसवले जातात : दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या मजबूत पट्टीने, म्हणजे डबल टेपने, किंवा पत्र्याला छिद्रे पाडून बोल्टने. डिकीच्या कडेवरची हलकी, बुटकी पट्टी टेपवर नीट राहते. खांबांवर उभा राहणारा उंच पंख मात्र केवळ टेपच्या भरवशावर ठेवू नये.

टेपने बसवण्याचे काम हौशी माणसाला घरच्या अंगणात जमण्यासारखे आहे. प्रथम स्पॉयलर डिकीवर नुसता ठेवून पाहावा. तो दोन्ही टोकांना अंतर न राहता टेकला पाहिजे; दाबून बसवावा लागणारा भाग पुढे सुटतो. मग मोजपट्टीने डिकीचा मध्य काढून मास्किंग टेपने दोन्ही कडांच्या खुणा कराव्यात. त्यानंतर पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. ही पायरी बहुतेकजण टाळतात आणि तेथेच फसतात. मेणाचे पॉलिश, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर टेप नीट धरत नाही.

तापमानालाही महत्त्व आहे. पत्रा साधारण २० ते ४० अंश सेल्सिअस असावा. डिसेंबर-जानेवारीतील बेंगळुरूची गार सकाळ या कामास योग्य नाही. दुपारची वेळ निवडावी, पण उन्हात तापलेल्या पत्र्यावरही काम करू नये. टेपचे वरचे आवरण थोडे थोडे काढत, मध्यापासून टोकांकडे घट्ट दाब द्यावा. टेपला पूर्ण बळ येण्यास सामान्य तापमानात सुमारे ७२ तास लागतात. तोवर गाडी धुऊ नये आणि वेगातही नेऊ नये.

छिद्रे पाडण्याचे काम अधिक जोखमीचे आहे. छिद्र एकदा पडले की ते परत घेता येत नाही. कागदाचा साचा करून त्यावरून दोनदा मापे तपासावीत. डिकीच्या आतील बाजूस वायर, कुलपाचा दांडा किंवा मजबुतीची पट्टी तर येत नाही ना, हे अस्तर काढून पाहावे. आधी बारीक आणि मग योग्य मापाचे ड्रिल वापरावे. छिद्राच्या उघड्या कडेवर गंजरोधक प्रायमर लावून तो वाळल्यावरच बोल्ट बसवावा. बोल्टखाली रबरी वॉशर आणि कडेने सीलंट हवे. प्रायमर न लावलेल्या कडेवर पावसाळ्यात ओल धरते आणि रंगाखालून गंज पसरत जातो. तो बाहेर दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. काम झाल्यावर डिकीवर पाणी ओतून आत गळती होत नाही, याची खात्री करावी. वजनदार स्पॉयलरमुळे उघडलेली डिकी आपोआप खाली येऊ लागल्यास, तो भाग त्या गाडीसाठी नाही असे समजावे.

कारागिराकडे केव्हा जावे?

स्पॉयलरला गाडीच्या रंगाशी जुळणारा रंग द्यायचा असेल, त्यात ब्रेकचा दिवा असेल किंवा पत्र्याला छिद्रे पाडायची असतील, तर काम कुशल कारागिराकडे सोपवणे शहाणपणाचे. प्लॅस्टिकवर विशिष्ट प्रायमर न मारता रंग दिला, तर त्याचे पापुद्रे निघतात. दिव्याची वायर कशीही जोडली, तर शॉर्टसर्किटचा धोका संभवतो आणि गाडीच्या विद्युत यंत्रणेवरील वॉरंटीचाही प्रश्न उद्भवतो.

शक्य असल्यास गाडीच्या उत्पादकानेच त्या मॉडेलसाठी दिलेला स्पॉयलर अधिकृत विक्रेत्याकडून बसवून घ्यावा. तो महाग पडतो. परंतु त्याचे माप, वजन आणि बसवण्याची जागा आधीच ठरलेली असते. अन्य दुकानातून काम करून घेताना किंमत विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत : छिद्रे पाडणार का? कडांना प्रायमर लावणार का? वायर कोठे जोडणार? कामाची पावती मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास दुसरे दुकान शोधावे.

कागदपत्रांचा हिशेब

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला वाहनात करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिकीच्या कडेवरची छोटी पट्टी आणि गाडीच्या मापाबाहेर जाणारा पंख यांत म्हणूनच फरक करावा लागतो. शंका असल्यास काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मागचे दिवे, क्रमांकपट्टी आणि आरशातून दिसणारा मागचा रस्ता झाकला जाता कामा नये. स्पॉयलरच्या कडा बोथट असाव्यात.

विमा कंपनीला लेखी कळवणे ही पुढची पायरी. गाडीच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेल्या वस्तूंची नोंद पॉलिसीत स्वतंत्रपणे केली जाते : विजेवर चालणाऱ्या वस्तू वेगळ्या आणि इतर वस्तू वेगळ्या. दिवा असलेला स्पॉयलर कोणत्या गटात मोडतो, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. थोडा अधिक हप्ता भरावा लागेल. परंतु नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई अपघातानंतर मागताना होणारा वाद टळेल. पावती जपून ठेवण्याचे कारणही हेच.

गाडी बँकेच्या कर्जातून घेतलेली असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेच्या नजरतारणाची नोंद असते. गाडी ग्राहकाच्या दारी उभी असली, तरी कर्ज फिटेपर्यंत ती बँकेचे तारण असते. गंजलेली डिकी आणि विम्याचा अडलेला दावा यांमुळे तारणाचे मूल्य घटते आणि कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. कर्जकरारातील बदलांविषयीचे कलम वाचून, आवश्यक तेथे शाखेची लेखी संमती घेणे हे दोघांच्याही हिताचे आहे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही ग्राहकाने विचारल्यास ‘किरकोळ गोष्ट आहे’ म्हणून विषय झटकून न टाकता करारातील ते कलम त्याला दाखवावे.

घराला नवा रंग द्यावा तशी गाडी सजवण्याची इच्छा स्वाभाविक आहे. स्पॉयलर स्वतः बसवायचा की कारागिराकडून, याचे उत्तर पैशांवरून देण्याऐवजी पत्र्याला छिद्र पडणार की नाही, यावरून द्यावे. टेपने बसणारी हलकी पट्टी असेल, तर एक मोकळी दुपार आणि थोडा धीर पुरेसा आहे. छिद्र, रंग किंवा वायर यांपैकी काहीही आले, तर जाणकार हात आणि पक्की पावती हवी. आणि काम कोणीही केलेले असो, महामार्गावर जाण्यापूर्वी स्पॉयलर दोन्ही हातांनी धरून एकदा हलवून पाहावा. तो तसूभरही हलत असेल, तर त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी.