शब्दांची साक्ष आणि समाजाचा इतिहास : शरद पाटील ह्यांची अन्वेषणपद्धती

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव मिरचीच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. ह्या ग्रामनामातील ‘आई’ हा ध्वनी कोणाच्याही कानाला सहज जाणवतो. तेवढ्यावरून येथे पूर्वी मातृदेवतेचे ठाणे होते, किंबहुना स्त्रियांची सत्ता होती, असे अनुमान करता येईल काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु समाजेतिहासात शब्दाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, ह्या मूलभूत प्रश्नाचेच ते एक रूप आहे. ह्याच जिल्ह्यातील एका विचारवंताचे बरेचसे लेखन त्या प्रश्नाभोवती उभे आहे.

शरद पाटील (१९२५-२०१४) ह्यांचा जन्म धुळ्याचा. चित्रकलेचे शिक्षण अर्धवट सोडून ते तरुणपणीच कम्युनिस्ट चळवळीत आले आणि धुळे परिसरातील शेतकरी व आदिवासी ह्यांच्यामध्ये त्यांनी दीर्घकाळ कार्य केले. जातिप्रश्नावरील मतभेदामुळे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. चळवळीचा व्याप सांभाळीत असतानाच त्यांनी संस्कृत आणि पाणिनीय व्याकरण ह्यांचा अभ्यास केला. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ (इंग्रजी आवृत्ती १९८२) आणि ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत.

केवळ वर्गाच्या आधारे भारतीय समाजाचा उलगडा होत नाही. वर्ण, जाती आणि स्त्रीदास्य ह्यांचा स्वतंत्र विचार केला पाहिजे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. त्यासाठी त्यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर ह्यांच्या विचारांचा समन्वय मांडला. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘अब्राह्मणी’ हे विशेषण लावले. ते जन्मजातीचे वाचक नसून विचारपरंपरेचे वाचक आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती ह्या बौद्ध तर्कवेत्त्यांचा आधार घेऊन त्यांनी ‘जाणीव’ व ‘नेणीव’ असा भेदही केला. विषमतेचे संस्कार नेणिवेत रुजलेले असतात, म्हणून केवळ आर्थिक परिवर्तनाने ते नष्ट होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

अशा समाजाच्या इतिहासाची साधने कोणती? दास आणि शूद्र ह्यांनी स्वतःची दप्तरे ठेवलेली नाहीत. अशा वेळी व्याकरणाचे महत्त्व कसे वाढते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अष्टाध्यायीतील २.४.१० हे सूत्र द्वंद्व समासाविषयी आहे. जे शूद्र ‘निरवसित’ नाहीत, त्यांच्या वाचक शब्दांचा समास नपुंसकलिंगी एकवचनी होतो, असे ते सांगते. म्हणून सुतार व लोहार ह्यांचा समास ‘तक्षायस्कारम्’ असा, तर चांडाळ व मृतप ह्यांचा ‘चण्डालमृतपाः’ असा बहुवचनी होतो. पतंजलीने ह्यातील भेद भांड्याच्या आधारे स्पष्ट केला आहे : ज्यांनी जेवलेले पात्र शुद्ध करूनही पुन्हा वापरता येत नाही, ते निरवसित. व्याकरणकाराला येथे केवळ रूप सिद्ध करावयाचे होते. परंतु जाता जाता त्याने बहिष्काराची सीमारेषा नोंदवून ठेवली. साक्षीदाराला आपण साक्ष देत आहोत ह्याची जाणीव नसते, म्हणूनच अशी साक्ष मोलाची ठरते.

मात्र प्रत्येक शब्द इतकी स्पष्ट साक्ष देत नाही. निर्ऋती ही वैदिक वाङ्मयातील विनाशाची देवता. पाटील तिला आद्य गणमाता मानतात. राजसूय यज्ञात राजा ‘रत्निन्’ संज्ञेच्या व्यक्तींच्या घरी जाऊन आहुती देतो. त्यांत निर्ऋतीची आहुती टाकलेल्या राणीच्या घरी दिली जाते, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. देवतेचा त्यक्त स्त्रीशी असलेला हा संबंध निश्चितच अर्थपूर्ण आहे. तथापि विधीतील स्त्रीचे स्थान सिद्ध होणे ही एक पायरी, आणि प्राचीन स्त्रीसत्ता सिद्ध होणे ही त्याहून बरीच उंच पायरी होय. दुसरीसाठी व्युत्पत्तीबाहेरचा स्वतंत्र पुरावा लागतो.

हीच कसोटी दोंडाईचाला लागू होते. नावाची जुनी लिखित रूपे, ध्वनिपरिवर्तनाचे नियम, परिसरातील समान घडणीची ग्रामनामे आणि स्थानिक देवस्थाने ह्यांचा मेळ बसल्याशिवाय केवळ ‘आई’ हा ध्वनी पुरावा ठरत नाही. तो फार तर शोधाची दिशा दाखवितो.

ह्या वादाचे महत्त्व केवळ विद्यापीठीय नाही. शब्दांची साक्ष सरसकट नाकारली, तर ज्यांच्यापाशी लेखणी नव्हती त्यांचा इतिहास कायमचा मुका राहतो; ती सैलपणे स्वीकारली, तर त्यांच्या हाती पडलेला इतिहास पहिल्याच आक्षेपाने कोसळतो. पाटलांची सर्व अनुमाने मान्य होवोत वा न होवोत, ज्यांची दप्तरे नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी व्याकरणाला साक्षीला बोलावले. त्या साक्षीची उलटतपासणी काटेकोरपणे करणे, हे आता भाषाभ्यासकांचे काम आहे.